शिसम की मेपल

"सर, भिंतीकडे तोंड करा. आणि मागे वळून पाहायचं नाही," प्रणाली म्हणाली.

मी भिंतीकडे तोंड केलं. समोर तबल्याच्या शाईची एक जुनी जाहिरात चिकटवलेली होती आणि तिच्या कोपऱ्यात कोळ्याचं जाळं. माझ्या पाठीमागे दुकानदार सॅम्युअल साळवे गिटार मांडीवर घेऊन बसला होता. त्याच्या शेजारी स्टुलावर प्रणालीचे वडील, किसनराव उईके. चंद्रपूर डेपोत एसटीचे ड्रायव्हर. त्या दिवशी रजा टाकून आले होते, तरी अंगात खाकी शर्ट होताच.

"सॅम्युअलकाका एकच सूर वाजवतील," प्रणालीने नियम सांगितला. "कधी या गिटारवर, कधी त्या. तुम्ही फक्त सांगायचं, शिसम की मेपल. दहा वेळा. मी वहीत लिहिते."

"आणि चुकलो तर?"

"तर तुम्ही आम्हाला म्हणता तेच मी म्हणेन. पुन्हा ऐक."

सॅम्युअल खदखदून हसला. "सर, पोरगी तुमचीच शिकवलेली दिसते!"

होती माझीच. या गोष्टीला आता अकरा वर्षं झाली. तंत्रशाळेत सुतारकाम शिकवून मी निवृत्त झालो होतो आणि घरामागच्या टिनाच्या शेडमध्ये रविवारी सकाळी मुलांना लाकूडकाम शिकवत होतो. फी नव्हती. अट एकच. मुलाने काहीही सांगितलं की त्याचं कारण सांगायचं. "सर, हे लाकूड वाकलंय." का? "सर, मला ही फळी नको." का? कारण नसेल तर शोधून ये. पोरं मला मागून 'का-सर' म्हणत, हे मला माहीत होतं आणि आवडतही होतं.

डोळे मिटून लाकूड ओळखायची परीक्षाही माझीच. पोरांना पाठमोरं उभं करायचं, फळीवर बोटांच्या पेरांनी टकटक करायची आणि विचारायचं, सागवान की बिवला? डोळ्यांनी लाकूड ओळखणारा फसतो, असं मी त्यांना शंभरदा सांगितलं असेल. प्रणाली नववीत होती. तीन वर्षं येत होती. फळीला नाक लावून वास घेण्यात तिचा हात धरणारा शेडमध्ये कोणी नव्हता.

त्या दिवसाच्या आठ दिवस आधी किसनराव माझ्या घरी आले होते. खुर्चीवर टेकले, उठले, पुन्हा टेकले.

"पोरीले विजेची गिटार पाह्यजे जी. शेजारच्या मास्तराची साधी गिटार घेऊन शिकली. आता शाळेत पोरींचा बँड केला हाय. जानेवारीत ग्यादरिंगले वाजवतात म्हणे."

"मग घ्या की."

"घेतो. पण एकच घेईन. एकदा आणली का बारावीपर्यंत तेच. दुकानवाला वापस घेत नाही. आता हे पोरगी म्हणते, दांडीवरच्या पट्टीचं लाकूड पाहून घेऊ. आमाले लाकडातलं चुलीपुरतं कळते. तुमी चाला, सर. तुमी सांगान ते घेऊ."

असा मी त्या दिवशी नागपूरच्या त्या दुकानात भिंतीकडे तोंड करून उभा होतो. एकच गिटार येणार होती, प्रणाली चार वर्षं तिच्यावर वाजवणार होती, आणि कोणती ते माझ्या शब्दावर ठरणार होतं.

गिटारी दोन्ही निळ्या, एकाच कंपनीच्या, एकाच मापाच्या. फरक फक्त पट्टीत. तारांच्या खाली दांडीवर जी लाकडाची पातळ पट्टी असते, बोटं दाबतात ती. सॅम्युअल तिला फिंगरबोर्ड म्हणत होता. एकीची शिसमची, भाजलेल्या खोबऱ्यासारखी गडद, हाताला कोरडी. दुसरीची मेपलची, लोण्यासारखी फिकी, वर आरशासारखं वार्निश. मेपल आपल्याकडे होत नाही. मी ते लाकूड पुस्तकात वाचलं होतं, हातात त्या दिवशी प्रथमच घेतलं. दोन वेळा हुंगलं. वास येतो तो नुसता वार्निशचा.

तिसरी एक वर टांगलेली होती, काळीभोर पट्टीची. "ही आबनुसाची," सॅम्युअल म्हणाला होता. "हिचा विचार नका करू, ही आधीच एकाने सांगून ठेवलीय."

"प्रणाली, आबनूस म्हणजे काय माहीत आहे?" मी तिला विचारलं होतं. "तू मामाच्या गावी तेंदूपत्ता तोडायला जातेस ना? हा त्या तेंदूचा चुलतभाऊ. म्हाताऱ्या तेंदूच्या पोटातही असंच काळं लाकूड निघतं."

"बिडीच्या झाडाची गिटार?" किसनराव म्हणाले.

"ओढू नका म्हणजे झालं," सॅम्युअल म्हणाला.

तर, परीक्षा. पहिला सूर वाजला. मी डोळे मिटले. आवाज गोल, भरल्यासारखा वाटला. "शिसम," मी ठामपणे म्हटलं. दुसरा, जरा टणक. "मेपल." तिसरा. चौथा. पाचव्या सुरापर्यंत माझा आत्मविश्वास होता. सहाव्याला मला जाणवलं, की आपण ऐकत नाही, ठरवतो आहोत. दहावा संपला.

"किती?"

प्रणाली वहीकडे पाहत राहिली.

"सांग की."

"दहापैकी चार."

"नाणं उडवलं असतं तर पाच आले असते, सर," सॅम्युअल म्हणाला.

मला राग आला नाही, उलट अंगात हुरूप आला. एकतीस वर्षांच्या मास्तरकीत इतकी छान चूक माझ्या हातून झाली नव्हती. "तू उभी राहा," मी प्रणालीला म्हटलं. तिचे पाच बरोबर आले. सॅम्युअल स्वतः उभा राहिला, आणि मी त्याच्या गिटारीवर तेच तेच सूर कसेबसे छेडले. त्याचे सहा. "सर, तुमची बोटं सुताराची आहेत, वाजवणाऱ्याची नाहीत. म्हणून चुकलो," असं तो म्हणाला, पण त्याचाही चेहरा उतरला होता. वीस वर्षं तो गिऱ्हाइकांना सांगत आला होता, शिसमचा आवाज गोड, मेपलचा खणखणीत.

"आता किसनराव," मी म्हटलं.

"मी काय करू जी? मले दोन्ही टनाटना ऐकू येतात."

"राहा तर उभे."

ते उभे राहिले, भिंतीकडे नाही, शोकेसच्या काचेकडे तोंड करून. सॅम्युअल वाजवू लागला. "शिसम... शिसम... पिवळी... शिसम..." एसटीत तिकिटं फाडल्यासारखे पटापट सांगत गेले. प्रणालीचे डोळे मोठे मोठे होत गेले.

"बाबा, दहापैकी दहा!"

सॅम्युअलने गिटार खाली ठेवली. मी किसनरावांकडे पाहत राहिलो. आपल्यामध्ये असा कान घेऊन एक माणूस तीस वर्षं एसटी चालवतो आणि कोणाला पत्ता नाही!

"कसं ओळखलंत?"

"काचेत दिसते ना जी सगळं," किसनराव म्हणाले. "ड्रायव्हर मानूस. मांगं काय चाललं ते आरशात पाह्याची सवय."

प्रणाली हसता हसता खाली बसली. सॅम्युअलने कपाळावर हात मारला. मीसुद्धा हसलो, आणि हसणं ओसरल्यावर खडू हातात घेतल्यासारखा उभा राहिलो.

"म्हणजे एक गोष्ट ठरली. निदान आपल्या कानांना या दोघींच्या आवाजात फरक कळत नाही. मग निवड आवाजावरून करायची नाही. बरोबर?"

"बरोबर," सॅम्युअल पडेल आवाजात म्हणाला.

"प्रणाली, तुला कोणती हवी?"

"शिसमची."

ती लगेच म्हणाली. सकाळी बसमध्येही हेच म्हणाली होती.

"का?"

"आवाज गोड..." तिने जीभ चावली.

"ते आत्ताच बाद झालं. दुसरं?"

"दिसायला चांगली आहे."

"दिसायला? दुकानात शिरल्या शिरल्या तू कोणत्या गिटारीकडे गेलीस? 'किती सुंदर आहे, चांदण्यासारखी' असं कोणत्या पट्टीला म्हणालीस?"

सकाळी तिने मेपलच्या पट्टीकडे हात नेला होता, आणि बोटं टेकायच्या आत मागे घेतला होता. मला वाटलं होतं, दुकानातली वस्तू, संकोच. डिसेंबरची थंडी होती. तिने स्वेटरच्या बाह्या बोटांच्या टोकांपर्यंत ओढून घेतल्या होत्या.

"शिसम टिकाऊ असतं," ती म्हणाली.

"मेपलही टणक असतं. वर वार्निश आहे, तेलपाणी लागत नाही. शिवाय फिक्या लाकडावर खुणेचे ठिपके उठून दिसतात. स्टेजवर वाजवताना तुला सोपं जाईल. आता तू सांग, शिसमच का?"

"असंच."

"असंच हे कारण नाही, प्रणाली."

मी हे गोड आवाजात म्हटलं. मुलांवर मी कधी ओरडत नसे, निदान माझा तसा समज होता. ती वडिलांकडे पाहत नव्हती, माझ्याकडेही नाही. स्वेटरच्या बाह्यांत तिच्या मुठी मिटलेल्या होत्या.

"सरांना कारण सांग ना व माय," किसनराव म्हणाले. "सर काय खातात काय तुले?"

"मेपलची घ्या," ती म्हणाली.

"हे बघ, माझ्यासाठी नको..."

"नाही सर. तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. मला कारण सांगता येत नाही."

मला वाटलं, पटलं. मुलांना पटायला जरा वेळ लागतो, मग ती शांत होतात. मी किसनरावांना म्हटलं, "मेपलची." किसनरावांनी मान डोलावली. सॅम्युअल उठला, मेपलची गिटार त्याने प्रणालीच्या हातात दिली. "घे बेटा. आता तुझी. एकदा मनासारखी वाजव, मग पिशवीत घालतो."

तिने वाजवली. फार तर अर्धा मिनिट. बोटं सफाईने पळत होती, पण नजर दांडीवर खिळलेली, जसं काही कोणी तिथे येणार आहे. मग मध्येच थांबली, गिटार स्टँडवर ठेवली आणि म्हणाली, "पाणी पिऊन येते." बाहेर कोपऱ्यावर नळ होता.

मी गिटार उचलली. पैसे देण्याआधी एक गोष्ट करायची राहिली होती. कोणतीही लांब लाकडी वस्तू घेताना सुतार जे करतो ते. एक डोळा मिटायचा, दुसरा दांडीच्या टोकाला लावायचा आणि उजेडाच्या दिशेने तिच्यावरून सरळ नजर टाकायची. वाक असेल तर लगेच दिसतो. मी दांडी दाराकडे धरली. बाहेरचं ऊन तिरपं आत येत होतं.

वाक नव्हता. पण त्या आरशासारख्या वार्निशवर ठसे होते. बोटांचे. एक, दोन, दहा, पंधरा. नुसते ठसे नव्हते, पाण्याचे बारीक थेंब, काही घसरून एकमेकांत मिसळलेले. मी अंगठा टेकवला. ओला झाला. तारांवर बोट फिरवलं, त्याही ओल्या. अर्ध्या मिनिटात, डिसेंबरमध्ये.

मी ती खाली ठेवली आणि शिसमची उचलली. हिच्यावर ती सकाळी पंधरा मिनिटं वाजवत होती आणि मधल्या परीक्षेतही हिला हात लागले होते. दांडी तशीच उजेडात धरली. काही दिसलं नाही. गडद, कोरडी, शांत. त्या लाकडात सगळं मुरून गेलं होतं.

मग मला शेडमधले गुण्ये आठवले. गुण्या म्हणजे काटकोन पाहायचं पोलादी हत्यार. प्रत्येक मुलाला मी स्वतःची हत्यारं नेमून दिली होती, आणि नियम होता की काम झालं की पुसून, तेलाचा बोळा फिरवून ठेवायची. प्रणालीच्या गुण्यावर दर रविवारी तांबूस गंज. बोटांच्या आकाराचा. पटाशीच्या पात्यावरही. मी तिला सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "एवढी हुशार मुलगी तू, हत्यार पुसायला किती वेळ लागतो?" ती दर वेळी म्हणायची, "विसरले, सर." तीन वर्षांत ती दुसरं काही एक विसरली नव्हती. फळीचा ओलावा मी गालाला लावून ओळखायचो, आणि हे मला तीन वर्षं दिसलं नव्हतं.

मी खिशातून रुमाल काढला आणि मेपलची पट्टी पुसू लागलो. वर पाहिलं तर प्रणाली दारात उभी होती. हनुवटीवरून पाणी ओघळत होतं. तिने माझा रुमाल पाहिला, पट्टी पाहिली, मला पाहिलं.

"चला, पॅक करू?" सॅम्युअल म्हणाला.

"थांबा," मी म्हटलं. "शिसमची घ्या."

"आँ?"

"किसनराव, माझं मत बदललं. शिसमची घेऊ."

किसनराव स्टुलावरून उठले. "काहून जी?"

आयुष्यभर दुसऱ्याला विचारलेला प्रश्न कोणी आपल्याला विचारला की कसा लागतो, हे मला त्या दिवशी कळलं.

"मला शिसम आवडतं."

"आत्ताच तर तुमी म्हनले, दोन्ही सारख्याच. वार्निश हाय, ठिपके दिसतात..."

"मी नीट पाहिलं नव्हतं."

"काय पाह्यलं मग आता?"

"आवाज..." मी म्हटलं, आणि माझेच कान गरम झाले.

"सर," सॅम्युअल म्हणाला, "दहापैकी चार. वहीत लिहिलंय."

"म्हातारे कान आहेत माझे. चुकले असतील."

"कान सर्व्हिसिंगला द्या, पण गिऱ्हाइकाला असं झुलवू नका," सॅम्युअल हसत म्हणाला. किसनराव हसले नाहीत. त्यांच्या कपाळावर आठ्या पडल्या होत्या. ज्याच्या भरवशावर आलो तोच माणूस गडबडला, असं त्यांना वाटलं असणार, आणि त्यात चूक काहीच नव्हतं.

"सर, तुमाले काही सांगाचं हाय काय? गिटारीत खोट हाय?"

"गिटारीत खोट नाही."

"मग?"

मी रुमाल खिशात कोंबला. तेवढंच माझ्या हातात होतं.

"बाबा," प्रणाली दारातून म्हणाली. "माझ्या हाताला घाम येतो."

मग ती बोलतच राहिली, भराभर, पाठ केलेल्या धड्यासारखी.

"थंडीतपण येतो. खूप येतो. फुगडीला कोणी माझा हात धरत नाही. पेपरात हाताखाली वेगळा कागद घ्यावा लागतो, नाहीतर शाई पसरते. सरांचा गुण्या माझ्यामुळे गंजतो, मी दर वेळी पुसते, तरी गंजतो. पांढऱ्या पट्टीवर सगळं दिसतं. स्टेजवर लाइट असतात. समोर सगळी शाळा बसते. शिसमवर दिसत नाही. हे कारण आहे, सर."

किसनराव तिच्याकडे चालत गेले. मला वाटलं, डोक्यावरून हात फिरवतील. त्यांनी तसं काही केलं नाही. उजवा हात तिच्यासमोर उघडा धरला, भाजीवाल्यापुढे सुट्टे धरावे तसा.

"पाह्य."

तळहात चकाकत होता. रेषारेषांत पाणी उभं होतं.

"इतका वेळ नुसता स्टुलावर बसून हाव मी," ते म्हणाले. "माह्या बापाचा बी असाच होता. बैलाचा कासरा घसरून जाये त्याच्या हातातून. नांगर धरला का आधी माती चोळे हाताले."

प्रणाली त्या हाताकडे पाहत राहिली. "तुम्ही कधी सांगितलं नाही."

"तू कधी सांगतलं?" ते म्हणाले. "तुही माय बी कधी बोल्ली नाही, मी बी नाही. मले वाटलं, पोरीले नसन आलं. स्टेरिंगले मी दोरी गुंडाळतो, ते पाह्यलं नाही काय तू?"

"मला वाटलं शोभेची आहे."

"शोभेची!" किसनराव म्हणाले. "एसटीले कोन शोभा करते व?"

आता सॅम्युअलला राहवेना. "अरे, एवढंच होतं तर मला विचारायचं ना! माझ्याकडे एक जण येतो, लग्नाच्या पार्ट्यांत वाजवतो. पंधरा दिवसांत त्याच्या तारा काळ्या पडतात. मी त्याला म्हणतो, तुझ्यामुळे माझं दुकान चालतं. काय वाजवतो पण!"

"तो कोणत्या लाकडावर वाजवतो?" प्रणालीने विचारलं.

"ते... पाहिलं नाही बुवा कधी."

ती माझ्याकडे वळली. डोळे अजून ओले होते, पण आवाज शेडमधला होता, फळीचा वास घेताना असतो तसा.

"सर, घामाने कोणतं लाकूड लवकर खराब होतं?"

हा प्रश्न तिला आठ दिवस विचारायचा असेल. आठ दिवस कसले, तीन वर्षं. मी स्टूल ओढून बसलो.

"शिसम अंगचं तेलकट असतं. म्हणून तर सुऱ्यांच्या मुठी त्याच्या करतात. घाम मुरतो, मळ साचतो, अधूनमधून तेलाने साफ करावं लागतं. पण लाकडाला काही होत नाही."

"आणि मेपल?"

"मेपलला घाम लागतच नाही. वार्निशवर थांबतो. फडकं फिरवलं की गेला. फक्त ते फिरवावं लागतं. आणि तोवर दिसतं."

"म्हणजे दोन्ही चालतात?"

"दोन्ही चालतात. तारा मात्र दोन्हीवर गंजतील, त्या पुसायच्या आणि बदलायच्या."

"मग लाकडाचा प्रश्नच नाही?"

"नाही. दिसलेलं चालेल की नाही, एवढाच आहे. त्याचं उत्तर माझ्याकडे नाही."

ती दोन्ही गिटारींच्या मध्ये उभी राहिली. घाई कोणी केली नाही. किसनराव खिडकीबाहेर पाहत होते, सॅम्युअल उगाचच तबल्याच्या गाद्या रचत होता. तिने स्वेटरच्या बाह्या कोपरापर्यंत सारल्या. शिसमची गिटार घेतली, दोन सूर छेडले, ठेवली. मेपलची घेतली. या वेळी जरा जास्त वेळ वाजवली. थांबून पट्टीकडे पाहिलं. ठसे उमटलेच होते. डोळा न मिटतासुद्धा मला ते इकडून दिसत होते.

"बाबा, तुमचा दुपट्टा द्या."

किसनरावांनी खांद्यावरचा दुपट्टा दिला. तिने त्याच्या टोकाने पट्टी वरपासून खालपर्यंत पुसली. पुन्हा वाजवलं, पुन्हा पुसली. किती वेळ लागतो ते ती पाहत होती, हे माझ्या उशिरा ध्यानात आलं.

"एका गाण्यानंतर एकदा पुरेल," ती म्हणाली. "ही घ्या."

"काहू..." किसनरावांनी सुरुवात केली आणि माझ्याकडे पाहून शब्द गिळला.

"सुंदर आहे म्हणून," प्रणाली म्हणाली.

सॅम्युअलने गिटार पिशवीत घातली, तारांचे जास्तीचे दोन संच दिले. दारातून बाहेर पडताना मी तिला हळूच म्हटलं, "रविवारी तुझा गुण्या मी पुसून ठेवतो."

"नको सर, मीच पुसेन. तुम्ही फक्त ओरडू नका."

"मी ओरडतो?"

"गोड आवाजात ओरडता," ती म्हणाली.

तीनची बस मिळाली. तिघांना एकच बाकडं मिळालं. खिडकीशी प्रणाली, मध्ये किसनराव, कडेला मी, आणि गिटार आडवी तिघांच्या मांड्यांवर. किसनरावांना प्रवासी म्हणून बसायची सवय नसावी. समोरच्या ड्रायव्हरने ब्रेक दाबला की त्यांचाही पाय दाबला जाई.

बुटीबोरी मागे पडली तेव्हा प्रणालीने विचारलं, "बाबा, दोरी सुताची असते का?"

"सुताची नाही. सुताची वली झाली का जड होते, वास मारते. नायलॉनची पाह्यजे, बारीक. पानी धरत नाही."

"मग हाताला टोचत नाही?"

"गाठ खालच्या अंगाले माराची. वळन घेताना तळवा वरून फिरते, खालून नाही फिरत. माह्या उस्तादानं शिकवलं मले. त्याचा बी हात असाच."

"त्यांचापण?"

"हौ. डेपोत तीन जन हावो आम्ही. एकमेकाले कधी बोललो नाही, पन दोरी पाहून वळखतो."

तिने आपला हात त्यांच्या हाताशेजारी गिटारच्या पिशवीवर ठेवला आणि दोन्ही तळवे निरखून पाहू लागली, पानाच्या शिरा पाहाव्या तसे. कोणाच्या रेषा कुठे जातात, कुठे आधी पाणी फुटतं. जांब आलं, गेलं. उन्हाळ्यात काय करता, बाबा? पावसात? हात सुटला होता का कधी? ते सांगत होते, ती विचारत होती. तीस वर्षं एसटीत गावोगावच्या लोकांना सोडत-आणत आलेल्या या माणसाला इतकं बोलता येतं, हे मला ठाऊक नव्हतं. दोरीचे वेढे मोजून घालतात की अंदाजाने, हे मला मघापासून विचारायचं होतं.

"किसनराव," मी म्हटलं, "वेढे किती घेता?"

"थांबा ना सर," प्रणाली म्हणाली. "आधी माझं होऊ द्या."